सोऱ्यातला गूळ

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी चकलीच्या सोऱ्यातून गूळ काढला. चकली एकही निघाली नाही.

पनवेलला आमच्या आळीत पितळेचा सोऱ्या एकच, माझ्या सासूबाईंचा. वरची दांडी फिरवली की खालच्या झाकणातल्या चांदणीतून चकली उतरायची. सासूबाई म्हणाल्या, "कुंदा, यंदाच्या चकल्या तू कर. जमल्या तर सोऱ्या तुझा." नव्या सुनेला सोऱ्या मिळणं म्हणजे अर्धं स्वैपाकघर नावावर होणं! मी लगेच फुशारले, "आई, तुम्ही आत पाऊलसुद्धा टाकू नका." (हे वाक्य मला पुढे कित्येक वर्षं ऐकवण्यात आलं.)

सोऱ्या तेव्हा शेजारच्या सारामावशींकडे होता. मावशी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. त्यांचा सण आमच्या दिवाळीच्या जरा आधी यायचा, आणि आमच्या सोऱ्याला कधी मांसमच्छी लागलेली नसल्यामुळे तो त्यांच्या धर्माच्या सोवळ्याला चालायचा; त्यांची शेव त्यातूनच पडायची. दुपारी त्यांनी तो कुंपणावरून हातात दिला. "धुऊन पुसून दिलाय हो. बघून घे गं!"

"हो हो," म्हणत मी पळाले, कारण चुलीवर तेल तापत होतं. सासूबाईंनी बजावलं होतं, पीठ भरायच्या आधी आतून तेलाचा हात फिरवायचा. कढईभर तेल असताना आणखी तेल कशाला, असा शहाणपणाचा विचार करून मी, नजर कढईवर ठेवून, पीठ ठासून भरलं आणि दांडी फिरवली.

चकली येईना. जोर लावला तर पीठ वरून बाहेर यायला लागलं!

"पीठ घट्ट झालं असेल," हे दारातून म्हणाले. (यांनी जन्मात पीठ भिजवलं नव्हतं.) मी वरून चमचाभर पाणी सोडलं. आता वरून पिठाचं पाणी यायला लागलं.

देवघरात वाती वळणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "किती झाल्या गं?"

"होतायत!" मी म्हणाले. कढई उतरवून आम्ही दोघं सोऱ्या घेऊन ओसरीवर आलो. यांनी तो पोटाशी धरला, मी दांडी धरली. दांडी फिरली नाही, हेच फिरले!

शेजारी झोपाळ्यावर मामंजी पेपर वाचत होते. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून त्यांचं कशातच लक्ष नसे. इतक्यात करंजाड्याची जनाबाई मीठ घेऊन अंगणात आली. आमची कुस्ती पाहून तिनं पाटी उतरवली.

"काय झाला, वयनी?"

"अडकलाय गं."

"आना इकरं! आमी मिठाच्या गोणी उचलतो, या डब्याला काय घाबराचा हाय?"

तिनं सोऱ्या गुडघ्यांत दाबला आणि दांडीला एकच पीळ दिला. फाडकन आवाज झाला! खालचं झाकण उडालं, केळीच्या पानाची एक पुडी मामंजींच्या मांडीवर पडली, आणि त्यामागून पीठ त्यांच्या पेपरवर बसलं. मामंजींनी ती शांतपणे उघडली. आत लिंबाएवढा गुळाचा खडा!

भांडं रिकामं परत करू नये, ही रीत सारामावशी कधी मोडत नसत.

आवाजानं सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी झाकण पाहिलं, पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आतून तेलाचा हात फिरवला होतास?"

मी ओसरीचं सारवण निरखू लागले. सोऱ्या गेला, अब्रूही गेली, डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात कुंपणावरून सारामावशींनी विचारलं, "काय गं फुटलं?"

"काही नाही हो," सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आटे झिजलेत मेल्याचे. जुना झालाय." मग मला हळूच, "पूस डोळे. तांबटाकडून झाकण बसवून आणू. सोऱ्या तुझाच. आता तू जन्मात तेलाचा हात विसरायची नाहीस."

त्या एका खोट्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. (गूळ कुठे गेला, हे त्यांनी विचारलं नाही. मामंजींचं तोंड भरलेलं होतं.)

पण पनवेलात गोष्ट लपते कुठली! जनाबाईनं मिठाबरोबर ती घरोघरी पोचवली. पुढे काही वर्षांनी सारामावशी इस्रायलला निघाल्या, तेव्हा सोऱ्या शेवटचा परत करताना भर आळीत ओरडल्या, "कुंदा, आत गूळ आहे गं!" सगळे हसले. मी हसता हसता रडले. अशी शेजारीण पुन्हा मिळाली नाही.

तेव्हापासून आमच्या घरी कुणीही उसनं भांडं परत करताना फाटकातूनच हाक मारतं. परवा एकीनं पोळपाट परत आणला आणि ओरडली, "कुंदाकाकू, आत काही नाही हं!"

तरीही मी उलटा करून बघितलाच.