लपवलेलं लोह

"आधी कल्ला पाह्य," असं म्हणत आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडम माशाच्या गालाखाली अंगठा घालायच्या. वणीच्या बाजारात घ्यायचा एक मासा आणि तपासायचे वीस. मी त्यांच्या कॉलेजातला प्रयोगशाळा सहायक, त्यामुळे विक्रेत्यांची बोलणी मला खावी लागायची. तुम्हीही पाहिली असतील अशी काळजीनं भरलेली माणसं. गॅस बंद केला का हे पाहायला त्या अर्ध्या वाटेतून घरी परतायच्या.

एका हिवाळ्यात झरी जामणीकडच्या एका तळेवाल्यानं बोलावलं. त्याचे रोहू सुस्तावले होते, रोज काही मरत होते. आम्ही पोचलो तेव्हा तो खाद्यात लोहाची पावडर कालवायच्या तयारीत होता. कल्ले फिके म्हणजे रक्त कमी, असं दुकानदारानं त्याला सांगितलं होतं. बायकोला दवाखान्यात लोहाच्याच गोळ्या देतात, हा त्याचा पुरावा.

मॅडमनी कल्ला पाहिला, अंगावरचे लाल चट्टे पाहिले आणि पावडरच्या पिशवीचं तोंड बांधलं.

"हे लोह माशाच्या आधी जंतू खाईन," त्या म्हणाल्या. "जंतूलेही लोह लागते. म्हणून मासा आपलं लोह आत लपवून राह्यला."

मग त्यांनी त्याला समजावलं. माशाच्या यकृतात काही जनुकं असतात. रोग शिरला की ती जागी होतात. एक रक्तातलं लोह आत कोंडतं, त्याच्याच कुळातलं दुसरं थेट जंतूंवर तुटून पडतं. मासा फिका पडतो तो लढत असतो म्हणून. पाणी बदला, मेलेले मासे रोज काढा, खाद्य कमी करा.

तळेवाल्यानं पिशवी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "थांबतो मी, मॅडम. पण सारे मेले तं?"

"तं माह्यामुळं मेले म्हणजो."

परतीच्या वाटेवर मुकुटबन गाव मागे पडल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मी चुकली असन तं रे?"

पुढचे दिवस वाईट गेले. रोज सकाळी त्या फोन करायच्या आणि तो उचलेपर्यंत उभ्याच राहायच्या. तिसऱ्या दिवशी मरणारे वाढले. त्या दिवशी डबा तसाच परत गेला. पाचव्या दिवशी मरणं कमी झालं, दहाव्या दिवशी थांबलं. निम्म्याहून जास्त मासे वाचले. तळेवाला आनंदात होता, पण मॅडमचं समाधान होईना. ती जनुकं खरंच जागी झाली होती, की नुसतं पाणी बदलल्यानं निभावलं? हे तपासायला त्यांनी रोगाच्या दिवसांतच तळ्यावरच्या मरू घातलेल्या माशांच्या यकृताचे तुकडे गोठवून ठेवले होते; आता तपासणीचं सामान मागवलं.

सामान यायच्या आधीच, उन्हाळ्यात, हृदयविकारानं त्या गेल्या.

त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. ते तुकडे अजून फ्रीजरमध्ये आहेत, नळ्यांवर त्यांचं बारीक अक्षर आहे. लाइट गेली की मी हातातलं काम टाकून तिकडे धावतो, झाकणाला पाठ टेकवतो आणि लाइट येईपर्यंत कोणाला ते उघडू देत नाही.