उंची कळावी म्हणून

दीड महिना झाला. सकाळी वहिनीचा फोन आला, दादा झोपेतच गेला होता. मिरजेहून निघायला बॅग भरत होते, तेवढ्यात पुन्हा तिचाच फोन. "तुझ्याकडे ह्यांचा एखादा बरा फोटो आहे का गं? हार घालायला घरात एक नाही. आधारवरचा नको, त्यात ते फरारी दिसतात."

रडता रडता मला हसू आलं. ज्या माणसानं अख्खं बंगळूर फोटोत भरून ठेवलं, त्याचाच फोटो नाही! खरं तर आमच्यापैकी कुणाचाच धड नव्हता...

दादा बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. तिथे तयार भागाचा फोटो काढताना शेजारी स्टीलची पट्टी ठेवत, म्हणजे भाग केवढा ते बघणाऱ्याला कळे. निवृत्तीनंतर दादाला कॅमेऱ्याचं वेड लागलं आणि पट्टीच्या जागी मी आले. दरवर्षी मी आठ दिवस बंगळूरला माहेरपणाला जायची. ठेवणीतली साडी नेसून विधानसौधासमोर उभी राहायची आणि दादा रस्ता ओलांडून पार पलीकडे जायचा. फोटोत घुमटावरचे सिंह अगदी स्पष्ट. खाली मी बाई की बुवा, हेही कळू नये. वर अल्बममध्ये टीप: 'विधानसौध. उंची कळावी म्हणून : सुमन, पाच फूट एक इंच.' लालबागेचं काचघर असो की मेट्रो स्टेशनवरून दिसणारी उंच इमारतींची रांग, सगळीकडे मी ठिपका. आमचे यजमान एकदा अल्बम चाळून म्हणाले, "तू नक्की गेली होतीस ना?"

मी दादाशी भांडले. तर म्हणे, "सुमे, तुझं तोंड तू जन्मल्यापासून बघतोय मी. त्याचा फोटो कशाला?"

गेल्या हिवाळ्यात मी सूड घ्यायचं ठरवलं. एका नव्या, मान मोडेल एवढ्या उंच इमारतीसमोर मी माझा मोबाइल काढला आणि म्हटलं, "आज तू पट्टी." वाटलं, चिडेल. पण गडी हरखला! लगबगीनं पायथ्याशी गेला आणि चपला काढून बाजूला ठेवल्या. टाचेमुळे माप चुकायला नको ना. रखवालदार धावत आला. "अंकल, पूजा है क्या?" दादानं त्याला अर्ध्या कानडीत, अर्ध्या हिंदीत मापाचं शास्त्र समजावलं. बिचारा "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत मागे हटला. मी चांगली लांब जाऊन फोटो काढला आणि दिवसभर स्वतःवर खूश होते.

आता तोच एक फोटो होता. स्टुडिओवाल्यानं ठिपका मोठा केला. पांढरा शर्ट, अनवाणी पाय, एक हात वर, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. मी शरमेनं मेले. "वहिनी, चुकलंच माझं. मी मुद्दाम लांब गेले होते गं..."

वहिनी जुन्या बंगळुरी मराठी घरातली, तिच्या बोलण्यात कानडी आपसूक येते. "असू दे. स्वल्प धूसर आहे, पण उभं राहणं ह्यांचंच." डोळे पुसून तिनं तो दिवाणखान्यात लावला.

तेरावं उरकल्यावर निघताना त्या फोटोपुढे उभी राहिले. वर केलेला हात नीट पाहिला. तो निरोपाचा नव्हता, तळवा माझ्याकडे होता. मागे जा, आणखी मागे, शेंडा कापला जातोय... हेच सांगत होता दादा. मी ऐकलं नाही, म्हणून निदान एवढा तरी आला. ऐकलं असतं तर तेवढाही राहिला नसता, असं मी स्वतःला समजावते. पण तो धूर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. चार पावलं पुढे जायला मला कुणी अडवलं होतं?