आजाची सभा

“तिला काय विचारायचं त्यात? ती काय नाही म्हणणारे?” मोहनकाका हळू आवाजात बाबांना म्हणाला. ती म्हणजे आजी. आजोबांना, आम्ही त्यांना आजा म्हणायचो, जाऊन तीनेक आठवडे झाले होते. वेस्ट मांबलमच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये बसून दोघं भाऊ ठरवत होते, की आजीला काकाकडे अण्णा नगरला न्यायचं आणि हा फ्लॅट भाड्याने द्यायचा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आत आजी फिल्टरमध्ये कॉफीची पूड दाबत होती. तिचा हात थांबला… आणि मग पुन्हा चालू झाला.

आजा शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचा. निवृत्त झाल्यावर वर्ग घरातच भरू लागला. राज्यघटना कशी तयार झाली, हा त्याचा आवडता विषय. देश स्वतंत्र झाला तरी कारभार जुन्याच कायद्यांवर चालला होता, बाहेर दंगली, निर्वासितांचे लोंढे, धान्याची टंचाई. आणि दिल्लीत माणसं एकेका कलमावर, कधी एकेका शब्दावर वाद घालत बसली होती. कोणीही दुरुस्ती मांडावी, तिला उत्तर मिळावं, मग मत घ्यावं. “घाई करता आली असती की,” तो म्हणायचा, “नाही केली.” आणि मग त्याचा आवाज हमखास चढायचा. “मताचा हक्क एकदम सगळ्यांना! तुझ्या आजीच्या आईला सही येत नव्हती, पण पहिल्या निवडणुकीला रांगेत उभी होती.”

घरही तो तसंच चालवायचा. काही ठरवायचं असलं की कॉफीच्या टंबलरवर चमचा वाजवायचा आणि विचारायचा, “कोणाची दुरुस्ती?” काका चिडवायचा, “अप्पा, इडलीबरोबर चटणी की सांबार, यावरही मतदान घ्या!” “घेऊ की. तू पडशील,” आजा म्हणायचा. शेवटी माझ्याकडे वळायचा. “कण्णू, तुझी?” मला चारचौघांत बोलणं जमत नाही. मी नकारार्थी मान हलवायची. तो तरी थांबायचा, बराच वेळ, सगळे चुळबुळ करेपर्यंत… “सरि, बरं. पुढच्या बैठकीत.”

हॉलला रंग द्यायचा होता तेव्हा सभा अख्खी सकाळ चालली. काकाला पांढरा हवा होता, बाबांना पिवळा. पिवळा मंजूर झाला. आजी कॉफीचे टंबलर घेऊन दाराशी उभी होती, बोलण्यात खंड पडायची वाट बघत. परत आत जाताना ती माझ्या कानाशी पुटपुटली, “निळा बरा दिसला असता.” तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आजा सगळ्यांना विचारतो, तिला नाही. तिच्या आईच्या मताचा त्याला केवढा अभिमान! त्याच्या मनात तिच्याबद्दल कमीपणा मुळीच नव्हता. ती कॉफी आणायची आणि सभा संपायची, इतकंच. त्याला कोणी सांगितलं असतं तर तो हादरला असता आणि लगेच उठून आत गेला असता, अशी माझी खात्री आहे. म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

आमची शेवटची भेट याच हॉलमध्ये झाली. तो खाटेवर पडून होता, पिवळ्या भिंतीकडे तोंड करून. “कण्णू, एकदा तरी दुरुस्ती मांड ग,” तो म्हणाला. आजी त्याचे पाय चेपत होती. दुरुस्ती होती माझ्याकडे, पण तिच्याबद्दलचीच; तिच्यासमोर कसं बोलायचं, असं वाटलं. “सुचत नाही, आजा,” मी म्हणाले. तो हसला… “सरि.”

आता काका भाडेकरूंबद्दल बोलत होता. आजी कॉफी घेऊन आली आणि नेहमीसारखी दाराशी थांबली. तिच्या हातातल्या ताटात आजाचा टंबलरही होता, सवयीने भरलेला. मी तो उचलला आणि चमच्याने वाजवला. काका बोलायचा थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“माझी एक दुरुस्ती आहे,” मी म्हणाले. “आजी, आधी तू बस. तुला कुठे राहायचंय?”