मनकर्णाबाईची इर्जिक

मनकर्णाबाईच्या दारावरून जाताना पाचोडची माणसं आवाज खाली आणायची. उगी आपलं नाव तिच्या तोंडी नको. तोंड सुटलं की ती बापजाद्यांपासून सुरू करी.

पण हे तोंड काही जन्माचं नव्हतं. पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या साली नवरा तापानं गेला. बन्सी तेव्हा शेरडामागं फिरायच्या वयाचा. भावकीनं 'बिचारी, बिचारी' म्हणत एका हंगामाला रान नांगरून दिलं, आणि पुढं बारसं असो की लग्नाची पंगत, ते नांगरणं तिच्या तोंडावर फेकलं. तेव्हापासून बाईनं फुकटाचं चिमूटभर मीठ घेतलं नाय. हात कमी पडले की इर्जिक घालायची. इर्जिक म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाच्या रानात उतरायचं, मजुरी कुणी मागायची नाय, आणि रानाच्या धन्यानं दुपारी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. जेवून हात धुतले की देणंघेणं मिटलं. मग कुणाच्या बापाची बोलायची टाप नाय.

पासष्ट सालची लढाई लागली तेव्हा बन्सी पलटणीत होता. कुठं होता ते तिला ठाऊक नव्हतं. पाऊस त्या साली रडत-कुढत झाला, पण तिच्या ओल धरणाऱ्या तुकड्यात बाजरी बरी आली होती. कणसं भरली आणि पाखरांचे थवे उतरले. गावात ज्याची त्याची बाजरी एकदमच काढणीला आलेली. बाईनं कुणाला हाक मारली नाय.

एके दिवशी शेजारची सरूबाई दारात आली, पण उंबऱ्याच्या आत नाय.

"मनकर्णे, सरपंच तात्यासाहेबानं तुझं नाव दिलंय म्हणं औरंगाबादेच्या हायस्कुलात. तिथली पोरं सेवा मंडळ का काय काढून बसलीत. जवानाच्या रानात फुकट राबत्यात. परवा तुझी बाजरी खुडणार."

"फुकट? मी मेले का, माझ्या नावानं धर्म करायला?"

"आता नाव गेलंय वर."

"येऊ दे. इर्जिक म्हणून येऊ दे. आन् तात्यासाहेबाला सांग, पुढच्या खेपी मला इचारल्याबिगर माझं नाव घेतलं तर दाढी उपटीन."

तिनं कणगीतले गहू काढले. बन्सी सुट्टीवर येईल तेव्हाच्या पोळ्यांसाठी ते राखलेले होते. शहरातली पोरं, त्यांना कोंबडं चालतं न चालतं, म्हणून पुरण घातलं, येळवणीची आमटी केली.

मंडळ खटाऱ्यातून आलं. पोरं-पोरी, पांढरे कपडे, दंडाला पट्ट्या. पुढं हेमचंद्र मास्तर. पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी केलेल्या घरातला माणूस, हात बायकांच्या हातापेक्षा मऊ. शहरात गुलमंडीतल्या घराघरांतून जुने कपडे गोळा करणं, खिडक्यांच्या काचांना काळे कागद डकवणं, हे सगळं या मंडळानं केलं होतं. पाणीसुद्धा त्यांनी शहरातून पत्र्याच्या डब्यात भरून आणलं होतं. बाईच्या ते डोळ्यांत खुपलं.

प्रत्येकाला तिनं एकेक पात, म्हणजे खुडायचा पट्टा, नेमून दिली. मास्तरालाही दिली. खुडलेल्या कणसांचा ज्यानं त्यानं आपल्या पातीच्या तोंडाशी ढीग घालायचा. पोरांनी खुडलं, कुसळं टोचून घेतली, पण खुडलं. दुपारी बाईनं निंबाखाली पळसाच्या पत्रावळ्या मांडल्या.

"चला, बसा."

मास्तर पुढं आला. "मावशी, आमचा नियम आहे. जवानाच्या घरचं अन्न खायचं नाही. शिवाय देशात धान्याची टंचाई, म्हणून मुलांनी एक वेळचा उपास धरलाय."

"उपास आपापल्या घरी धरावा. माझ्या बांधावर कशापायी?"

"सेवेचा मोबदला घेत नसतात."

"मोबदला कोन देतंय? जेवा म्हनते."

"नियम म्हणजे नियम, मावशी."

"माझ्या हातचं बाटतंय का मास्तर? पानी बी बरुबर आनलंय. तसं असलं तर सरळ सांगा, उगं देशाला मधी घालू नगा."

मास्तरचं तोंड लाल झालं. "भलतंच! तसलं काही आमच्या मनात नाही."

"मग मनात काय हाय ते बघायला मला येळ नाय. न जेवल्या मानसानं खुडलेलं कनीस माझ्या खळ्यावर येत नसतंय. भरा आन् घिऊन जा तुमच्या गुलमंडीत. वाटा गोरगरिबाला."

"अहो, धान्य वाया जाईल!"

"माझं हाय. जाऊ दे."

पोरं एकमेकांकडं बघू लागली. मंडळाची पुढारीण दमयंती, वकिलाची पोर. साऱ्या शाळेसमोर उपासाची शपथ तिनंच वाचली होती. ती पट्टी काढून खिशात घालत पत्रावळीवर येऊन बसली.

बाई तिच्यापुढं उभी राहिली. "माझ्यावर उपकार म्हनून बसली असशील तर ऊठ."

"उपकार नाही. भूक लागलीय."

"मग बस."

एक बसली तशी सगळी बसली. मास्तर तेवढा निंबाच्या पलीकडं पाठ करून उभा. तिथूनच म्हणाला, "दमयंती, उद्यापासून तू मंडळात नाहीस."

"बरं सर," पोरगी म्हणाली. तोंडात पोळी होती. बाईनं तिच्या पुरणावर तुपाची आणखी एक धार सोडली, पण बोलली तिरसटासारखंच, "आमटी सांडू नकू. लई आटापिट्यानं केलीय."

दिवस कलला तसं मंडळ गेलं. बाईनं पोरांचे ढीग पाटीनं खळ्यावर वाहिले. मास्तरचा ढीग बांधाला तसाच ठेवला. सरूबाई म्हणाली, "आगं, अंधारात उचल. कोन बघतंय?" बाईनं तिला अशी काय शिवी हासडली की सरूबाई आठवडाभर बोलली नाय. पण गावातही मनकर्णाबाईचं रान फुकट निघालं असं कुणी बोललं नाय. सरपंचानं तर वाटच बदलली.

लढाई थांबली. परतीचा पाऊस शिंतडून गेला. पाखरांनी खाऊन उरलेल्या ढिगाला हिरवे मोड फुटले.

थंडीत बन्सी सुट्टीवर आला. गव्हाच्या पोळ्या काही झाल्या नाहीत, नव्या बाजरीची भाकरी झाली. सकाळी रानात गेला आणि बांधावर थबकला.

"बये, ह्यो ढीग कुनाचा?"

"एका मास्तराचा. येईल, जेवंल, मग नेऊ."

"आगं, सडला की ह्यो! बैलापुढं तरी टाकतो."

"ठिव खाली," मनकर्णाबाई म्हणाली. "आपल्या बैलान्ला फुकटाची सवय लावू नकू."