अक्काची मिरची आणि माझा हात

बारदान हातात घेतलं की मला त्याचं सगळं कळायचं. साखरेचं आहे की खताचं, किती वेळा भरून रिकामं झालंय, तळाला ओल लागलीय का, हे मी नुसतं चिमटीत धरून सांगत असे. एरंडोलजवळच्या खेड्यातून जळगावात आलो तेव्हा माझ्याकडे या हातांशिवाय काही नव्हतं. फाटक्या गोण्या गोळा करायच्या, शिवून घ्यायच्या, घासाघीस करून विकायच्या. त्यावरच घर बांधलं, मागे परसाला जागा सोडली. त्यामुळे स्वतःच्या हाताबद्दल मला जरा जास्तच वाटायचं आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या हाताबद्दल फार कमी.

तिला आम्ही अक्का म्हणायचो. वडील गेल्यावर तिने जमिनीतला आपला हिस्सा थोरल्या भावाच्या नावे सोडला, कागदावर अंगठा उठवला आणि मला विचारलंही नाही. पुढे ती विधवा झाली. सासरी कोणी उरलं नाही, आणि ज्याला हिस्सा दिला त्या भावाच्या घरात दोन महिन्यांत ती नकोशी झाली. मग ती माझ्याकडे आली. मी तिला ठेवून घेतलं, पण ठेवून घेतलंय हे तिला रोज कळेल अशी व्यवस्थाही केली. ती घरात अहिराणी बोलायची. मी तिला मुद्दाम शहरी मराठीत उत्तर द्यायचो, गिऱ्हाइकाला द्यावं तसं.

येताना तिने दोन लुगडी आणि पदराच्या गाठीत बांधलेलं मिरचीचं बी आणलं होतं. आमच्या आईची मिरची. बुटकी, जाड सालीची, भरितात ठेचून घातली की दुसऱ्या कशाची चव लागू द्यायची नाही. आई गेल्यावर गावात ते बी कुणी राखलं नाही. अक्का मात्र सासरी दर वर्षी चार झाडं लावून, लाल झालेल्या मिरच्या वाळवून ते धरत आली होती. आमच्या परसात तिने होतं नव्हतं ते सगळं बी टाकलं. रोपं काढून लावली ती बावीस. तीन ओळी, आणि उरलेली तीन रोपं धुण्याच्या दगडामागे, कुंपणाला लागून.

झाडांना फुलं आली तेव्हा परसात जायची मलाही सवय लागली. सकाळी उठलो की तंबाखू मळत स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडायचो. पहिल्या झाडापाशी थांबायचं, एखादं पिवळं पान खुडायचं, शेंडा चाचपायचा, पुढच्या झाडाकडे जायचं. गोण्या तपासतो तशीच झाडं तपासायचो. दगडामागे तेवढा कधी गेलो नाही, तिथे पायाला चिखल लागायचा. अक्का संध्याकाळी पाणी घालायची, आणि ती उलट बाजूने, दगडाकडून सुरुवात करायची.

श्रावण संपता संपता दाराजवळच्या झाडाची पानं बिघडली. कुठे गर्द हिरवी, कुठे फिकट, जणू कुणी पाण्याने रंग धुऊन काढलाय. मग ती आक्रसली. नवी पानं वेडीवाकडी, फुलं गळलेली. आठ दिवसांत दुसरं झाड, मग तिसरं. बायकोने राख टाकली. मी ओळखीच्या शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, किड्यांनी पानं मुरडतात तो बोकड्या असेल, तंबाखूचं पाणी मारा, किडे मरतील. मी माझ्याच पुडीतली तंबाखू रात्रभर भिजवली आणि ते पाणी पानापानाला हाताने चोळलं. पंधरा दिवसांत दीड ओळ गेली.

एका सकाळी दुकानात सौदा फिसकटला होता. घरी आलो तर अक्का एका झाडापाशी बसून पान उलटंसुलटं करून बघत होती. माझा तोल गेला.

"हात काढ आधी," मी म्हणालो. "तुझा हात लागला की सगळ्याचं वाटोळं होतं. तो अंगठा उठवलास तेव्हापासून बघतोय. नवरा गेला, सासर गेलं, आता हे. या झाडांना पुन्हा शिवायचं नाही."

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "तुम्ही गोण्याच मोजा हो. माणसाशी बोलायचं काम तुमचं नाही."

अक्का उठली. हात लुगड्याला पुसले. एवढंच म्हणाली, "भाऊ, एक तं झाड पिकू दे. नहीतं मायनं बी बठ्ठं बुडी जाई."

त्या दिवसापासून ती परसात गेली नाही. पाणी बायको घालू लागली. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला एक गोष्ट दिसायला हवी होती. अक्काने हात लावणं बंद केलं तरी रोग थांबला नाही, उलट वाढला, कारण आता मी सकाळ-संध्याकाळ जात होतो. पण मला ते दिसलं नाही. बघायचंच नव्हतं.

धुळ्याला बारदानाच्या कामासाठी जायचं होतं. एक रोगट फांदी पिशवीत घालून घेतली, काम उरकल्यावर शेतकी कॉलेजात गेलो. तिथे झाडांचे रोग बघणारे एक मास्तर होते, बारीक अंगाचे, डोळ्यांवर जाड चष्मा. ते येईपर्यंत मी बाकावर बसून तंबाखू मळली, शिपायालाही दिली.

मास्तरांनी माझ्या हातातल्या फांदीकडे पाहिलं, मग हाताकडे. "ती टेबलावर ठेवा," ते म्हणाले. "बिडी ओढता की तंबाखू खाता?"

"मी झाडाचं विचारायला आलोय."

"मीही झाडाचंच विचारतोय. डावा तळवा दाखवा."

तळव्यावर चुन्याचा पांढरा डाग होता, वर्षानुवर्षांचा. त्यांनी विचारलं, रोग कुठून सुरू झाला. मी म्हणालो, दाराकडून. तुम्ही झाडांत कुठून शिरता? दाराकडून. पानं खुडता? खुडतो. एकाचं खुडून तोच हात दुसऱ्याला लावता? मी तळवा मिटून घेतला. दगडामागची झाडं कशी आहेत, हे मात्र त्यांनी विचारायच्या आत मीच सांगितलं. ती तिन्ही चांगली होती.

"हा तंबाखूचाच रोग," ते म्हणाले. "वाळक्या तंबाखूतही जिवंत राहतो. हाताने झाडात जातो, आणि हातानेच एका झाडातून दुसऱ्यात. तंबाखूचं पाणीबिणी मारलं नाहीत ना?"

मी सवयीने घासाघीस सुरू केली. औषध असेलच काहीतरी. निदान निम्मी तरी वाचतील? चार-पाच? ते हसले. "इथे भाव होत नाही हो. रोगट झाडं उपटा आणि जाळा. पुढच्या वर्षी दुसऱ्या जागी लावा. लावताना हात साबणाने धुवा, वर दुधात बुडवा. दुधाने हा रोग हातावरच मरतो. आणि तंबाखू खाणाऱ्याला परसात येऊ देऊ नका."

एस.टी.त सगळा रस्ता मी वाक्य जुळवत होतो. अक्का, तुझा हात नव्हता. माझा होता. घरी पोचलो तेव्हा अक्का ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "रोग आहे म्हणे एक. झाडं जाळायला सांगितली."

"कसाना रोग?"

"हवेतून येतो," मी म्हणालो.

एकोणीस झाडं मी उपटली, जाळली. तिन्ही झाडं राहिली. दिवाळीनंतर त्यांच्या मिरच्या लाल झाल्या, बायकोने तोडून वाळवल्या. अक्काने लांबूनच पाहिल्या. "मी हात लावा नही म्हनीसन वाचनात त्या," ती बायकोला म्हणाली. मी आतल्या खोलीत होतो. ऐकलं आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

पुढच्या पावसाळ्यात रोपं तयार झाली तेव्हा ती लावायची कुणी, हा प्रश्न आला. बायकोने अक्काला हाक मारली. अक्का आली, पण हात पाठीमागे धरून उभी राहिली. "तूच लाव, बाई," म्हणाली. "मन्हा हात नको."

मी तंबाखू सोडली नव्हती, आजही सोडलेली नाही. त्या दिवशी मात्र हात साबणाने धुतले आणि पितळी पातेल्यात पावशेर दूध घेऊन त्यात बुडवले. बायको बघत राहिली. अक्काने विचारलं, "हाई काय, भाऊ?"

"कॉलेजातल्या मास्तरांनी सांगितलंय. हाताचा दोष जातो."

हेच शब्द वापरले मी. दोष. कुणाच्या हाताचा ते सांगायला एक शब्द पुरे होता. सांगायचं ठरवूनच तर पातेलं बाहेर आणलं होतं.

अक्का पातेल्याकडे बघत होती. मग तिने पाठीमागचे हात पुढे घेतले. "मंग मन्हा बी हात धोई लेस मी," म्हणाली, आणि माझ्यासमोर उकिडवी बसून दोन्ही हात मनगटापर्यंत दुधात बुडवले. बोटं एकेक करून चोळली. अंगठा सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात जास्त वेळ.

"आते लावू का?" तिने मला विचारलं.

मी मान डोलावली.

त्या वर्षी मिरची भरभरून आली. शेजारणी बी मागायला यायच्या, तेव्हा अक्का बियांच्या पुडीबरोबर दुधाचीही गोष्ट सांगायची. माझ्या हातात दोष होता, भावाने तो घालवला, असं. मी घरात असलो तर मोठ्याने सांगायची, मला ऐकू यावं म्हणून, कौतुकाने. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत रोपं लावायच्या दिवशी ती आधी दूध मागायची, आणि ते पातेलं मीच नेऊन द्यायचो.