नवरामुलगा शटलनं आला

मुलगी बघायला कुणी रेल्वेनं जातं का, असं आमच्या काकांचं म्हणणं. दारात चारचाकी लागली पाहिजे, तिचं दार धाडकन लावल्याचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला पाहिजे. म्हणून केडगावच्या स्थळाला त्यांनी फोनवर ठोकून दिलं, मुलाची स्वतःची गाडी आहे. माझी सायकलपण नाही. गाडी काकांच्या मित्राची, त्या दिवसापुरती.

मी म्हटलं होतं, हडपसरहून दौंडची शटल धरू, त्यांचं घर स्टेशनजवळच आहे. काका म्हणाले, पाहुणे म्हणून जातोय, दूध घालायला नाही.

सोलापूर रोडला लोणी काळभोरपाशी गाडी थांबली ती थांबलीच. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं कंटेनर, आणि सगळे हॉर्नवर आडवे पडलेले. मी मोबाईलमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईचा आवाज काढला, "आपण आहात तिथेच आहात. कृपया चहा घ्या." आई हसली. काकांनी आरशातनं बघितलं फक्त.

तेवढ्यात मुलीच्या वडिलांचा फोन आला. आमच्यानंतर दुसरं स्थळ येणार होतं, तर जरा वेळेत या म्हणाले. आईचा चेहरा उतरला. फोटो बघितल्यापासून तिला हीच मुलगी सून म्हणून हवी होती. मलापण हवी होती, पण मी खरं बोललो तरी घरात नक्कलच वाटते.

"काका, मी उतरतो."

"नवरामुलगा पायी जाणार? अरे, इज्जत काय राहील?"

"इज्जत बसू दे गाडीत. मी पुढं होतो."

मी उतरलो, तर मागचं दार उघडून आईपण उतरली. काठापदराची साडी, हातात पेढ्यांचा पुडा, आणि काकांकडे न बघता सुटली लोणी स्टेशनकडे. शटल आली. एका बाईनं सरकून आईला खिडकी दिली. उरुळी गेलं, यवत गेलं, आईनं डुलकीपण काढली.

केडगावला मुलीचे वडील घराच्या फाटकात उभे होते. आमच्या खांद्यावरनं रस्ता बघत त्यांनी विचारलं, गाडी कुठं लावली?

"गाडी लोणीत अडकलीय. आणि ती आमची नाही," मी म्हटलं. "मला गाडी नाही."

"पण पुढंमागं घेणार असालच ना?"

"नाही. तुमच्या गावाला रेल्वे येते तोवर तरी नाही."

आईनं मला चिमटा काढला. चहा झाला, शिक्षण, पगार, सगळं विचारून झालं, पण बोलण्यातला गोडवा गेला होता. शेवटी वडील उठले आणि म्हणाले, कळवतो. बघण्याच्या कार्यक्रमात 'कळवतो' म्हणजे काय, हे मला चार ठिकाणी पोहे खाऊन पाठ झालंय. मीपण उठलो. मान खाली घालायची नाही, एवढं ठरवलं होतं.

"बाबा, कळवायचं काय त्यात?" मुलगी म्हणाली. "खोटं काकांचं होतं. ह्यांनी तर दारातच खरं सांगितलं. मला चालेल." मग माझ्याकडे वळून, "पण लग्नाला हायवेनं येऊ नका. मुहूर्त असतो."

वडील पुन्हा खाली बसले. नकार द्यायला तोंड उघडलं होतं, त्यात आईचा पेढा गेला.

काकांचा फोन आला. यवतला पोचलोय, त्यांना सांग गाडी येतेय. मी फोन आईकडे दिला.

"सावकाश या, भावजी," आई म्हणाली. "ठरलं."