अकरा मिनिटांनी मोठी भारती

लोणच्याच्या कैऱ्या अर्ध्याच चिरून झाल्या होत्या, तेव्हा अंगणात भारतीची स्कूटर थांबली. मागे एक चष्मेवाली मुलगी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, भारतीकडे पाहिलं आणि हसली. आम्हा दोघींना एकत्र पाहून लोक हसतात, त्याची सवय आहे. मी विळीवरून उठले नाही.

भारती माझी जुळी बहीण. माझ्याहून अकरा मिनिटांनी मोठी, तेवढ्यावर आईने मला जन्मभर तिला ताई म्हणायला लावलं. बारावीच्या परीक्षेत मला मलेरिया झाला. ती पास झाली, लॅब टेक्निशियनच्या कोर्सला गेली. मी पुढच्या वर्षी बसणार होते, तोवर स्थळ आलं. घर चांगलं, चिकूची वाडी, देवाधर्माची माणसं. तक्रार करण्यासारखं काही नाही. तरी रोज रात्री लिहिते त्या वहीत तिचं नाव आलं की माझी अक्षरं मोठी होतात.

डहाणू रोडच्या एका लॅबमध्ये ती पंचवीस वर्षं रक्त काढते आहे. लग्न केलं नाही. सकाळी साडेसहाला दार उघडते, तेव्हा रानशेतहून पहिल्या जीपने आलेल्या बायका उपाशीपोटी बाकावर बसलेल्या असतात. दुसऱ्या कुणापुढे त्या हात करत नाहीत. भारती बोटाने शीर चाचपते, सुनेचं विचारते, आणि सुनेची तक्रार अर्धी होते तोवर नळी भरलेली असते. बाजारात लोक मला अडवून रिपोर्ट मागतात. मी ती नव्हे म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. हे पडलेले चेहरे मी किती वर्षं पाहते आहे.

चष्मेवाली सोनल मुंबईच्या एका संशोधन संस्थेतली. तिला जुळ्या बहिणींचं रक्त हवं होतं. का ते भारतीने पायरीवर बसून समजावलं. रक्तात बी पेशी असतात, त्या रोगाशी लढायला अँटीबॉडी बनवतात. जनुकांचे बरेच तुकडे असतात. प्रत्येक पेशी त्यातले दोन-तीन निवडून जोडते आणि आपली अँटीबॉडी घडवते. काही पेशी कोऱ्या, कुठलाच रोग न पाहिलेल्या. काही लढून आलेल्या, रोगाची आठवण धरून राहिलेल्या. कोऱ्या पेशी कोणते तुकडे जास्त वापरतात आणि आठवणीच्या कोणते, हे त्यांना मोजायचं होतं. आम्हा दोघींना आईबापांकडून तुकड्यांचा साठा एकच मिळालेला, म्हणून आमची जोडी कामाची. आज रक्त, मग धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि बरोबर सातव्या दिवशी पुन्हा रक्त. नव्याने लढायला उठलेल्या पेशी त्या दिवशी सर्वांत जास्त सापडतात, नंतर ओसरतात.

"एकीचं रक्त काही कामाचं नाही हं, मावशी," सोनल मला म्हणाली. मग तिच्या तोंडून हेही निसटलं की ही पहिली जोडी नीट झाली, तर डहाणू-तलासरीचं नमुने गोळा करायचं काम भारतीला मिळणार, कायमच्या नोकरीसकट.

ते ऐकून मला सुख झालं. पहिल्यांदाच ताईचं काही माझ्यावाचून अडत होतं.

त्या दिवशी मी हात पुढे केला, इंजेक्शनही घेतलं. सातव्या दिवशी पहाटे मात्र ह्यांना सांगितलं की महालक्ष्मीला ओटी भरायचा नवस आहे, आजच जायला हवं. डहाणूच्या या देवीची यात्रा पंधरा दिवस चालते, कधीही जाता आलं असतं. नवस कुठलाच नव्हता. फोन मुद्दाम देवघरात ठेवला आणि निघाले.

रांगेत ऊन डोक्यावर आलं. मागून कुणी दंड धरला. रानशेतची पुतळी, भारतीच्या बाकावरचं जुनं गिऱ्हाईक. मला ताई समजून बोलू लागली. या वेळी मी नाही म्हटलं नाही. ती माझी चौकशी करत होती, आजूबाजूच्या बायकांना माझा हात किती हलका ते सांगत होती, आणि मी मान डोलावत होते. मला फार बरं वाटलं.

मग ती हळूच म्हणाली, "ताई, साखरेची गोळी घेतली का चक्कर येते. बंद करू का? तू सांगशील तसं करते."

मी कोण ते तिला सांगावं लागलं. गोळी बंद करू नको, भारतीला आजच विचार, म्हटलं. तिचा चेहरा पडला. ओटी भरताना देवीकडे मान वर झाली नाही. कुठलं तोंड घेऊन मागणार होते?

चार वाजता घरी आले तर भारती ओट्यावर बसलेली, शेजारी बर्फाची पेटी. नवसाचं तिला ह्यांच्याकडून कळलं होतं. सोनल स्टेशनवर थांबली होती. संध्याकाळच्या गाडीने नमुने न्यायचे होते.

"तुझ्या नोकरीसाठी बसलीस ना?" मी विचारलं.

"हो, नोकरीसाठीच," ती म्हणाली. "पन्नाशीला आले. अजून किती वर्षं दुसऱ्याच्या लॅबचं कुलूप उघडू? पण राग माझ्यावर होता तर मला शिव्या द्यायच्यास. देवीला कशाला मध्ये घेतलंस?"

मी बसले आणि हात पुढे केला. तिने शीर चाचपली. सुनेचं विचारलं नाही, काहीच विचारलं नाही. सुई कळली नाही, हे मला कबूल करावं लागतं.

निकाल यायला वर्ष गेलं. कोऱ्या पेशींत दोघींचं तुकड्यांचं प्रमाण जवळजवळ सारखं, आठवणीच्या पेशींत बरंच वेगळं, असं सोनलने फोनवर सांगितलं. भारतीला नोकरी लागली. सगळ्या आळीत पेढे वाटले गेले, आमच्याकडचा पुडा मी फोडलाच नाही, ह्यांनी फोडला. वेगळ्या निघालेल्या पेशींवर मात्र मी खूष आहे. तेवढं तरी ताईसारखं नाही.

काल ती पुन्हा आली होती. तलासरीकडच्या एका पाड्यावर रखमी आणि बायजी या जुळ्या बहिणी आहेत, त्या तयार होत नाहीत. तिचं एकटीचं ऐकत नाहीत, आम्ही दोघी एकत्र दिसलो तर ऐकतील, असं तिचं म्हणणं. तिथेही सुई तिच्याच हातात असणार, मी नुसती शेजारी बसणार.

उद्या सकाळी सातच्या एसटीने तलासरीला जायचं आहे, रखमी आणि बायजीला भेटायला.